तुलूझहून 'कॅथर किल्ल्या'ची एकदिवसीय सहल : गाइडला पाच तारे, जेवणाला एक

पैसे वसूल होतात का? होतात. पण ते किल्ला बघून होत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. जाहिरातीत ढगांतून डोकं वर काढलेला मोंसेग्यूर असतो आणि खाली 'कॅथरांचा शेवटचा गड' अशी ओळ. (कॅथर म्हणजे मध्ययुगातले, रोमच्या चर्चनं पाखंडी ठरवलेले इथले ख्रिस्ती.) रायगड-राजगड बघत मोठे झालेले आपण अशा फोटोला चटकन भुलतो. वर गेल्यावर सापडतात चार उघड्या भिंती आणि एका टोकाला पडका बालेकिल्ला. सदर नाही, कोठार नाही, बसायला सावली नाही. त्यात त्या भिंती कॅथरांनी बांधलेल्याही नाहीत. कॅथरांना संपवल्यावर हा मुलूख ज्या घराण्याला बक्षीस मिळाला, त्यांनी त्या नंतर उभ्या केल्या.

हे आमच्या गाइडनं पायथ्याशीच सांगितलं, तिकिटं काढायच्या आधी. 'किल्ल्यासाठी आला असाल तर कार्कासोनला जा, तिथं बुरूजही मोठे आणि आइस्क्रीमही चांगलं,' असं स्वतःच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. या सहलीचा खरा माल म्हणजे हे गाइड.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि मालकीणबाई आता ओळखीच्या झाल्या आहेत. मार्ग असा : सकाळी आठला स्टेशनजवळून आठ जणांची व्हॅन, पामिए आणि फ्वावरून मोंसेग्यूर, दुपारी मिरप्वाला जेवण, परतताना फांजो आणि आव्हिन्योने, सातच्या सुमारास घरी. माणशी शंभर युरोच्या आत. किल्ल्याचं तिकीट आणि जेवण वेगळं, हे बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरांत तळाशी.

मी तुलूझला राहते. इथल्या बऱ्याच मराठी घरांसारखी आमचीही भाकरी विमानाच्या कारखान्यावर चालते. सांगलीहून बाबा आले होते; आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्यांना 'आयफेल टॉवर दाखवतो' म्हटलं की जांभई येते. घर जैन, त्यामुळे बाहेर पडायचं म्हणजे पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आलीच. फेरी फ्रेंचमधली होती. गाइड बोलणार, मी बाबांना मराठीत सांगणार, बाबा प्रश्न विचारणार आणि मी तो परत फ्रेंचमध्ये टाकणार, असा दिवसभर दुहेरी दळणाचा उद्योग चालला. व्हॅनमधल्या बाकीच्या पाच जणांनी तक्रार केली नाही. उलट दुपारनंतर तेच विचारायला लागले, 'तुमच्या वडिलांचा पुढचा प्रश्न काय?'

महामार्ग लागला तसं गाइडनी सुरू केलं. बाराव्या-तेराव्या शतकात तुलूझ, आल्बी, कार्कासोन, फ्वा या पट्ट्यात, म्हणजे लांगदॉकमध्ये, हे मत रुजलं. 'कॅथर' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. हे लोक स्वतःला भले ख्रिस्ती समजत आणि गावकरी त्यांना नुसतं 'भली माणसं', 'भल्या बायका' म्हणत. त्यांचा सवाल जुनाच होता : देव जर चांगला, तर गारपीट, महारोग आणि मेलेली तान्ही मुलं कुणाची करणी? रोमच्या चर्चचं उत्तर लांबलचक होतं. यांचं उत्तर एका दमात संपायचं. चांगल्या देवानं हे जग केलेलंच नाही. माती, हाड, मांस, हे सगळं दुष्टाचं काम. चांगल्या देवाचं राज्य डोळ्यांना न दिसणारं, आणि आपले आत्मे म्हणजे तिथून खाली पडलेले, कातड्याच्या अंगरख्यात कोंडलेले देवदूत. एक अंगरखा फाटला की दुसऱ्यात शिरायचं, माणसाच्या नाहीतर जनावराच्या.

'म्हणजे पुनर्जन्म,' बाबा पुढच्या सीटवरून वळून म्हणाले. मला भाषांतर करावं लागलं नाही, गाइडना सूर कळला. त्यांनी लगेच एक गोष्ट सांगितली, चौदाव्या शतकातल्या इथल्या मेंढपाळांमध्ये सांगितली जाणारी. एका भल्या माणसाला आठवत होतं की आपण आधी घोडा होतो, आणि एका रात्री अमुक ठिकाणी दोन दगडांमध्ये पाय अडकून आपला नाल निघाला. पुढं सोबत्याबरोबर त्याच वाटेनं जाताना त्यानं तो शोधला, आणि नाल खरंच तिथं होता. बाबा इतके खूश झाले की त्यांनी ती गोष्ट वहीत उतरवून घेतली.

एकदा हे मूळ मान्य केलं की बाकी सगळं आपोआप येतं, आणि गाइडनी ते गणितासारखं उलगडलं नाही, माणसांच्या तोंडून उलगडलं. देवाचा पुत्र मांसाचा असूच शकत नाही, तो दिसला तो नुसता भास. मग क्रूस कशाला पुजायचा? भाकरीचा तुकडा म्हणजे पीठ. त्यात देव कुठून येणार? पाण्याचा बाप्तिस्मा म्हणजे पाणी. लग्न लावून देह वाढवायचे म्हणजे तुरुंगाच्या खोल्या वाढवायच्या. शपथ घ्यायची नाही, हे तर फारच महागात पडणारं; त्या काळातला सगळा कारभार, सरंजामदार आणि त्याचे लोक, शपथेवर चालायचा.

विधी महत्त्वाचा एकच, कॉन्सोलामेंतुम. डोक्यावर शुभवर्तमानाचं पुस्तक ठेवायचं, त्यावर दीक्षित मंडळींनी हात ठेवायचे, झालं. त्यानंतर मांस, अंडी, दूध, चीज बंद, स्पर्श बंद, खोटं बोलणं बंद, जीव घेणं बंद. ही दीक्षा बायकांनाही होती, आणि दीक्षित बायकांची वेगळी घरं गावोगाव होती. पण हे पेलणारे थोडे. बाकीचे नुसते श्रद्धावान. ते लग्न करत, मांस खात, तलवार चालवत, दीक्षित दिसला की तीनदा वाकून आशीर्वाद मागत, आणि मरताना तरी दीक्षा मिळावी एवढी आस धरून असत. 'मुनी आणि श्रावक,' बाबा म्हणाले. मी हे कसंबसं समजावलं. गाइडनी मान हलवली, पण लगेच पुस्तीही जोडली : यांच्याकडे मृत्यूच्या दारात घेतलेल्या दीक्षेनंही सुटका पक्की व्हायची, मधल्या आयुष्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. बाबांना हे पटलं नाही. दिवसभर ते मधूनच पुटपुटत होते, 'असं कसं? कर्म कुठं गेलं?'

पामिए आम्ही नुसतं खिडकीतून पाहिलं. इथं १२०७ मध्ये दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला होता. फ्वाच्या सरदाराची दीक्षित बहीण, परंपरेनं एस्क्लार्मोंद म्हणून ओळखली जाणारी, मध्ये बोलली तर समोरचा एक भिक्षू म्हणाला, 'बाई, जा, सूत काता, असल्या सभेत बोलणं तुमचं काम नाही.' व्हॅनमधल्या दोन फ्रेंच बायकांनी एकदम उसासा टाकला. व्हॅन थांबवायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. पंधरा मिनिटं तर लागली असती.

त्या वादानंतर वर्षभरात शब्दांचं काम संपलं. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा वकील पिएर द कास्तेल्नो मारला गेला आणि पोप तिसऱ्या इनोसंटनं धर्मयुद्ध पुकारलं. यरुशलेमकडे नव्हे, फ्रान्सच्याच दक्षिणेकडे. जुलै १२०९ मध्ये बेझिए शहर पडलं. 'सगळ्यांना मारा, देव आपली माणसं ओळखून घेईल,' हे प्रसिद्ध वाक्य गाइडनी मुद्दाम बाजूला ठेवलं. ते एका जर्मन मठवाशानं दहा-पंधरा वर्षांनंतर लिहिलेलं आहे, मोहिमेबरोबर असलेला पोपचा वकील आर्नो आमोरी याच्या तोंडी घातलेलं. पण त्याच आर्नोनं पोपला पाठवलेल्या पत्रात, वय, लिंग, दर्जा न बघता जवळजवळ वीस हजार माणसं कापली, असं स्वतःच कळवलं आहे. 'आकडा फुगवलेला असेल,' ते म्हणाले, 'पण फुगवून सांगावासा वाटला, हे बघा.' इतकं चोख मी फार कमी गाइडांच्या तोंडून ऐकलंय.

मोंसेग्यूरची चढण अर्धा-पाऊण तासाची. अंतर थोडं, वाट उभी, आणि दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडून गेला असेल तर उतरतानाच खरी परीक्षा. व्हॅनमध्ये काठ्या ठेवलेल्या होत्या, त्या घ्या, लाजू नका. पाणी खालूनच भरून घ्या. तिकिटाची खोली चढणीवरच आहे. तिच्या आधी, खालच्या कुरणात, एक दगडी स्मारक आहे, १९६० मध्ये उभारलेलं, ऑक्सितान भाषेत कॅथर हुतात्म्यांना वाहिलेलं. ज्या गटाचा गाइड घाईत असतो तो इथं फोटो काढून वर पळतो. आमचे थांबले, आणि वेढ्याची सगळी हकिकत त्यांनी इथं, कुरणात, डोंगराकडे बोट दाखवत सांगितली. वर वाऱ्यात काही ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते वर गेल्यावर पटलं.

मे १२४३ मध्ये कार्कासोनचा राजअधिकारी ह्यूग देझार्सी फौज घेऊन आला. माथा १२०७ मीटर उंचीवर, वर चार-पाचशे माणसं. त्यांतले दोनशेच्या आसपास दीक्षित, बाकी सरदार, त्यांचे कुटुंबकबिले आणि शिपाई. डोंगराचा घेर एवढा की सगळ्या वाटा आवळता येईनात. महिनोन् महिने रात्रीअपरात्री माणसं वरखाली करत राहिली. हिवाळ्यात मात्र डोंगरात वाढलेल्या काही गड्यांनी पूर्वेकडचा सुळका रात्रीतून चढून तिथली चौकी कापली. सकाळी उजेडात तो कडा बघून त्यांचेच पाय लटपटले, दिवसा आम्ही हे केलंच नसतं असं ते म्हणाले, अशी त्या काळच्या बखरीत नोंद आहे. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. 'कोंढाणा,' एवढंच ते म्हणाले. मग त्या बाजूनं दगडफेकीची यंत्रं वर चढली आणि तटाच्या आत गोळे पडायला लागले.

२ मार्च १२४४ ला तह झाला. अटी ऐकून चक्रावायला होतं. शिपायांना माफी. मत सोडणाऱ्यांना माफी. न सोडणाऱ्यांना आग. आणि हे ठरवायला पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत दीक्षित मंडळींनी जवळ होतं नव्हतं ते वाटून टाकलं. त्यांचा बिशप बर्त्रां मार्ती यानं गडाचा नायक पिएर-रोजे द मिरप्वा याला तेल, मीठ, मेण आणि मिरी दिली. मिरी! ती त्या काळी आपल्या मलबारातूनच निघायची, अरब, इजिप्त, इटली असे हात बदलत. बाबांनी हे गाइडना सांगायला लावलं, आणि त्यांनी ते त्यांच्या वहीत उतरवलं, म्हणजे फिटंफाट झाली.

याच दिवसांत वीसेक जणांनी नव्यानं दीक्षा मागून घेतली. यांत शिपाई होते, म्हणजे ज्यांना काठी टेकत घरी जाता आलं असतं अशी माणसं. गडाचा मालक रेमों द पेरेइ याची बायको कोर्बा आणि मुलगी एस्क्लार्मोंद (ही दुसरी, पामिएवाली नव्हे) याही त्यांत. १६ मार्चला खाली लाकडी कुंपण घालून दोनशेवर माणसं जाळली. रेमों वाचला. महिन्या-दोन महिन्यांत तो इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीपुढे, साक्षीला उभा राहिला आणि आपल्या माणसांची नावं सांगू लागला. आपल्याला ही नावं माहीत आहेत ती त्या साक्षींमुळे.

इथं बाबांनी जो प्रश्न विचारला तो मला वाटतं गाइडना खूप दिवसांनी कुणी विचारला असावा : 'मग यांचं स्वतःचं असं काय उरलंय?' उत्तर थोडकं आहे. दोन-चार ग्रंथ. ल्योंच्या ग्रंथालयात ऑक्सितानमधला नवा करार आणि त्याला जोडलेली विधींची पोथी. बाकी जवळजवळ सगळं ज्यांनी त्यांना संपवलं त्यांच्या दप्तरात. १२३३ मध्ये पोपनं हे चौकशीचं काम डॉमिनिकन भिक्षूंकडे दिलं. १२४५-४६ मध्ये तुलूझच्या सँ-सर्नां मठात पाच हजारांहून जास्त लोकांना उभं करून विचारलं गेलं, कुणाला भेटलात, कुणापुढे वाकलात, जेवायला कोण होतं. त्याची प्रत तुलूझच्या नगर ग्रंथालयात आहे. मी त्या चर्चच्या बाजूला दर रविवारी भाजी घेते आणि मला हे माहीत नव्हतं. बाबांना अर्थातच जुनं गोवं आठवलं. १५६० पासून तिथं चाललेलं इन्क्विझिशन पोर्तुगालच्या राजाच्या हाताखालचं, काळ वेगळा, माणसं वेगळी, पण शेजाऱ्याचं नाव सांग आणि सुट, ही रीत इथंच बसवली गेली.

वर किल्ल्यात आम्ही अर्धा तास होतो, तेवढा पुरतो. तटाच्या बाहेर उतारावर दगडी ओट्यांच्या, पायऱ्यांच्या खुणा आहेत; तिथं दीक्षितांच्या झोपड्या एकमेकींना चिकटून होत्या. खरं बघायचं ते हे, आणि बहुतेक लोक तिकडे पाठ करून भिंतीबरोबर सेल्फी काढतात. आमच्या वेळी वर एक मंडळ डोळे मिटून गोल उभं होतं. किल्ला म्हणजे सूर्यमंदिर, इथं येशूच्या शेवटच्या जेवणातला पवित्र प्याला लपवला होता, वगैरे. १९३० च्या दशकात ओट्टो रान नावाचा जर्मन, पुढे नाझींच्या एसएसमध्ये गेलेला, याच प्याल्याच्या मागे इथं फिरत होता. तेव्हापासून हे पीक कापून संपलेलं नाही. उन्हाच्या तिरिपेचं जे कौतुक सांगतात ती ज्या झरोक्यांतून येते ते झरोकेच जळितानंतरचे, हे गाइडनी त्या मंडळापासून लांब, हळू आवाजात सांगितलं. खजिन्याबद्दल विचाराल तर नाताळच्या सुमारास सोनं-नाणं गुपचूप बाहेर गेलं आणि शेवटच्या रात्री काही दीक्षित दोरानं कडा उतरले, एवढं साक्षींत आहे. प्याला नाही.

खालच्या गावातलं संग्रहालय छोटं आहे, पण चुकवू नका. वेढ्यातले दगडी गोळे तिथं हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. आम्हाला तिथं वेळ फार थोडा दिला, कारण जेवणाची जागा ठरलेली. ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार म्हणजे ते जेवण. मिरप्वा सुंदर आहे, चौकाभोवती लाकडी खांबांचे जुने ओटे, एका घराच्या तुळयांवर कोरलेली माणसांची आणि राक्षसांची डोकी. पण ज्या खानावळीत नेतात तिथल्या पाटीवर 'कॅथर थाळी' : बदकाची तंगडी, सॉसेज, पांढरा घेवडा, वर चीज. ज्यांनी अंड्याला हात लावला नाही त्यांच्या नावानं बदक! शाकाहारी असल्याचं बुकिंग करताना कळवलं होतं, दोनदा. तरी आमच्यापुढे आलं ते बदकाचे तुकडे वेचून काढलेलं सॅलड. वेचताना एक राहिलाही होता. बदलून मागितलं तर बाई म्हणाली, मासा देते. बाबांनी शांतपणे पिशवीतून दशम्या काढल्या. गाइडनी एक मागून घेतली आणि चटणीसकट खाल्ली.

मग माशाचा विषय निघाला, कारण भल्या माणसांना मासे चालायचे. जनावर नर-मादीच्या संगातून होतं म्हणून त्याचं मांस, दूध, अंडं सगळं बाद. मासा पाण्यातून आपोआप होतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून तो चालला. बाबा म्हणाले, 'यांचा धर्म कोकणात गेला असता तर आजही टिकला असता.' मी हे भाषांतर केलं नाही. समजावायलाच दुपार गेली असती.

याच टेबलावर एंदुराची, म्हणजे दीक्षेनंतर अन्न बंद करण्याची, गोष्ट निघाली, आणि दिवसभरातलं सगळ्यात चांगलं बोलणं तेच झालं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, मत जवळजवळ संपलेलं असताना, आक्सचा एक नोटरी पिएर ओतिए यानं ते डोंगरांत पुन्हा पेटवलं. १३१० मध्ये त्यालाही तुलूझमध्ये जाळलं. त्या काळात मरणाच्या वाटेवरच्या माणसाला दीक्षा दिली की कधीकधी अन्न बंद करत, दीक्षा बिघडू नये म्हणून. बाबांच्या एका आत्यानं सल्लेखना, म्हणजे जैनांचं अन्नत्यागाचं मरणव्रत, घेतली होती, त्यामुळे ते सावरून बसले. सल्लेखना आपल्या हातानं, जाणतेपणी, गुरूच्या परवानगीनं, कषाय म्हणजे राग-लोभ कमी करत घ्यायची असते, हे त्यांनी मला तीनदा नीट सांगायला लावलं. गाइडनी ऐकून घेतलं आणि मग आर्क गावच्या सिबिल पेरची साक्ष सांगितली. तिची मुलगी वर्षाचीही नव्हती, आजारी होती. एका दीक्षितानं तिला दीक्षा दिली आणि सांगितलं, आता हिला दूध नाही. नवरा खूश, मुलगी देवदूत होणार. ते दोघे बाहेर पडले आणि सिबिलनं पोरीला पाजलं. नवरा परत आल्यावर भयंकर चिडला. हे ती पुढे बिशप झाक फुर्निए याच्यापुढे बोलली आणि लिहून ठेवलं गेलं. हाच फुर्निए १३३४ मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावानं पोप झाला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'आईनं बरोबर केलं.' आमच्या घरात धर्माच्या बाबतीत इतका सरळ निकाल त्यांनी यापूर्वी दिल्याचं मला आठवत नाही.

मिरप्वाबद्दल एक गंमत राहिली. धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर याच्या बरोबर आलेल्या गी द लेव्हीला हे गाव मिळालं. मोंसेग्यूरच्या आजच्या भिंती त्याच्याच घराण्याच्या. म्हणजे सकाळी त्यांचा किल्ला चढा, दुपारी त्यांच्या गावात जेवा आणि बिलावर 'कॅथर' वाचा. प्रदेशाचं सरकारी पर्यटनही याच नावावर उभं आहे. महामार्गावर तपकिरी पाट्यांवर ठसठशीत 'कॅथर प्रदेश'. पेरपेर्त्यूझ, केरिब्यूस वगैरे जे उंचावरचे किल्ले पोस्टकार्डांवर दिसतात, त्यांचं आजचं रूप बरंचसं फ्रान्सच्या राजानं आरागॉनच्या सरहद्दीवर पहाऱ्यासाठी दिलेलं आहे. बघायला जरूर जा, उत्तम आहेत, फक्त कुणाचे म्हणून बघताय ते ठाऊक असू द्या.

फांजोला वीस मिनिटं. टेकडीवरून खालचं मैदान आणि प्रुईचा मठ दिसतो, तो संत डॉमिनिकनं १२०६ च्या सुमारास बायकांसाठी सुरू केलेला. एस्क्लार्मोंदनं दीक्षा घेतली तीही याच फांजोत, १२०४ मध्ये. दोन्ही बाजूंचे लोक एकाच गावात, एकाच बाजारात. याच्यापलीकडे तिथं वेळ घालवण्यासारखं काही नाही.

आव्हिन्योनेचा थांबा मात्र कंपनीनं कधीही काढू नये. चर्चपुढे गाडी लावून, न उतरताच, गाइडनी २८ मे १२४२ ची रात्र सांगितली. गीयोम आर्नो आणि एत्यें द सँ-तिबेरी हे दोन इन्क्विझिटर आपल्या माणसांसह इथं मुक्कामाला होते. गावच्या अधिकाऱ्यानंच मोंसेग्यूरला निरोप धाडला, दारं उघडून दिली, आणि पिएर-रोजेच्या माणसांनी कुऱ्हाडींनी सगळ्यांना तोडलं. पिएर-रोजे स्वतः जवळच्या रानात थांबला होता. त्यानं गीयोमची कवटी मागितली होती. ती फुटली म्हटल्यावर तो म्हणाला, मी तिला सोन्याची कडी घालून जन्मभर तिच्यातून दारू प्यायलो असतो. दीक्षितांना कोंबडी मारायची बंदी, आणि त्यांच्या गडाचा रक्षक हा. मोंसेग्यूरचा वेढा या रात्रीमुळे पडला. सकाळी कुरणात डोळे पुसणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, 'हे सकाळी का नाही सांगितलंत?' गाइड म्हणाले, 'सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही स्मारकापाशी थांबला नसतात.' मला हा क्रम थोडा नाटकी वाटला. बाबांना आवडला, शाळेत ते शाहिस्तेखानाचा धडा असाच मागून पुढे शिकवायचे म्हणे.

आता व्यवहाराचं. गुडघे दुखत असतील तर मोंसेग्यूर चढू नका, गाइड खालीच सगळं सांगतात आणि संग्रहालय गावात आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, ऐकायचं जास्त आणि खेळायचं काही नाही. दुकानांतून तलवारी आणि प्याले विकायला आहेत, ते मुलं मागतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. २१ जूनच्या आसपास सूर्यवाली मंडळी गर्दी करतात. जेवण आपलं आपण न्या आणि खानावळीला आधीच नाही म्हणा, त्यामुळे संग्रहालयाला जास्त वेळ मिळतो; मालकीणबाईंना मी हे लिहून कळवलंय, त्यांनी 'बघते' म्हटलंय. फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी फेरी शनिवारी असते. तिचा गाइड मात्र दुसरा आहे, त्याची हमी मी घेत नाही.